डावीकडच्या तीन रांगा

१० नोव्हेंबर, सोमवार

आज अठ्ठेचाळीस उंदरांच्या मेंदूत गाठ पेरली. सकाळी सातला बसलो तो संध्याकाळी साडेपाचला उठलो, मध्ये फक्त पोहे आणि दोनदा चहा. उंदीर बेशुद्ध करायचा, डोकं चौकटीत घट्ट अडकवायचं, कवटीला उजव्या बाजूनं बारीक ड्रिलनं भोक पाडायचं, सुई आत न्यायची, कर्करोगाच्या पेशी सोडायच्या, भोक मेणानं बुजवायचं, दोन टाके. पुढचा आणा. हे ऐकून लोक तोंड वाकडं करतात. शेजारचे शामराव एकदा म्हणाले होते, "दाणी साहेब, पाप नाही लागत का हो?" त्यांच्या भावाच्या घशाला कॅन्सर निघाला तेव्हा कुठलं औषध चांगलं ते विचारायला मात्र माझ्याच दारात आले होते.

प्रयोग साधा आहे. बारा-बारा उंदरांचे चार गट. पहिल्याला काही नाही. दुसऱ्याला फक्त औषध. तिसऱ्याला फक्त किरणं. चौथ्याला दोन्ही. माणसांना गोळी आणि किरणं एकत्र देतातच, पण गोळीतलं औषध मेंदूत पुरेसं पोचत नाही आणि रोग्याच्या पदरात काही महिने पडतात. आम्ही औषध सुईनं थेट गाठीत सोडणार आणि वरून किरणं देणार. चौथा गट जगला, तर तेवीस वर्षांच्या नोकरीत मी काहीतरी केलं असं म्हणता येईल. नाही जगला, तर त्रेपन्नाव्या वर्षी मी नवा रायपुरातला सगळ्यात जास्त शिकलेला उंदीरमार.

रॅकमध्ये आठ उभ्या रांगा आहेत, प्रत्येकीत सहा पिंजरे. कुठला उंदीर कुठे ते गंधालीनं चिठ्ठ्या टाकून ठरवलं आणि यादी तिच्या कपाटात कुलूपबंद. ती माझ्या हाताखालची, हुशार पोरगी, फक्त जरा मऊ. रोज सकाळी उंदरांना गुण मी देणार, म्हणून गट मला माहीत असता कामा नये. शून्य म्हणजे ठीक, तीन म्हणजे त्याच दिवशी संपवायचा. गाठ उजवीकडे असली की उंदीर उजवीकडेच गोल फिरायला लागतो, डाव्या अंगाचे केस साफ करत नाही, डावीकडचे दाणे तसेच टाकतो, आणि हात लावला की चावतो. त्याला स्वतःला यातलं काही कळत नाही. त्याच्या मते तो सरळच चाललेला असतो.

दाणापाणी देवीदासकडे. ठेक्यावरचा माणूस, सत्तावन्न वर्षांचा, वर्धेकडचा. काम बरं करतो, पण बडबड फार.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी गाडी काढताना डाव्या बाजूचा आरसा फाटकाच्या खांबाला लागून तुटला. खांब वीस वर्षं तिथेच आहे, पण आज कसा मध्ये आला कोण जाणे. पुढे दहा पावलांवर शामरावांची स्कूटर उभी होती, ती पण आडवी झाली. शामराव बनियनवरच बाहेर आले. "अंधे हो गए क्या, दाणी साहेब? एवढी मोठी गाडी दिसत नाही तुमाले?"

मी उतरलो आणि त्यांची गचांडी धरली. माणूस सत्तरीचा आहे, मला माहीत आहे. त्यांना त्यांच्याच फाटकावर दाबून धरलं आणि अजून एक शब्द बोलले असते तर तोंड फोडलं असतं. माझ्या बायकोनं, मायानं, मागून माझा शर्ट ओढला. बरं वाटत होतं ते चालू असताना, हे इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार. चौबे कॉलनीत रस्त्यावर गाडी लावायची नाही असा नियम आहे की नाही?

डोकं दुखतंय. सायनस. दर थंडीत होतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

उपचाराचा दिवस. गंधालीनं औषध सोडलं, मी किरणं दिली. डोक्याएवढी खिडकी सोडून बाकी उंदीर शिशाच्या पत्र्याखाली, बटण दाबायचं, मोजायचं. पिंजरे तिनं झाकून आणले होते, ज्यांना किरणं द्यायची नव्हती तेही गुंगी देऊन माझ्या टेबलावर ठेवले आणि त्यांच्या वेळी यंत्राची चावी मला न कळता बंद ठेवली, त्यामुळे कोणाला दोन्ही मिळालं ते मला ठाऊक नाही.

एकजण अर्धवट शुद्धीत आला आणि चावला. मला पत्ता नाही. गंधालीच ओरडली, "सर! तुमच्या हाताला लटकून राहिला न तो!" पाहिलं तर डाव्या अंगठ्यात दात रुतलेले, रक्त कोपरापर्यंत ओघळलेलं. दुखत नव्हतं. मी त्याला सोडवला आणि टेबलाच्या कडेवर आपटला. दोनदा. पहिल्याच आपट्यात मेला होता.

तो पहिल्या गटातला होता, असं गंधालीनं नंतर सांगितलं, म्हणजे नाहीतरी मरणारच होता. नियमानं मी हे टिपून ठेवायला हवं. "हाताळताना मृत्यू" असं टिपलं.

५ डिसेंबर, शुक्रवार

पहिले तीन आज संपवले. गुण तीन. माझी पद्धत वर्षानुवर्षांची आहे. वायूनं गुंगी, मग मानेवर पातं, एका झटक्यात. माझ्या हातून उंदीर कधी तडफडला नाही, याचा मला अभिमान आहे. डोकं बर्फावर, कवटी कात्रीनं मागून पुढे कापत न्यायची, मेंदू चमच्यानं उचलायचा. तिन्ही गाठी वाटाण्याएवढ्या, काळपट, आत रक्त साकळलेलं.

आज मात्र तिसऱ्याचा नेम चुकला. पातं तिरकं गेलं आणि उंदीर अर्ध्या मानेनं टेबलावर फिरला. भिंतीवर, माझ्या चष्म्यावर, गंधालीच्या कोटावर रक्त. तो मी हातानंच पुरा केला. पात्याला धार लावून आणायला सांगितलं आहे. देवीदास फरशी पुसता पुसता पुटपुटला, "पातं तं परवाच धार लावून आनलं, साहेब." त्याला म्हटलं, तोंड बंद ठेव, नाहीतर पुढचा नंबर तुझा. तो हसला नाही. मीही थट्टेत म्हटलं नव्हतं.

९ डिसेंबर, मंगळवार

राधिकाला नवा रायपुरात परीक्षा होती, सोबत नेली. या सरकारनं रस्ते धावपट्टीएवढे केले आणि पाट्या लावायला विसरलं. संस्थेकडे वळायच्या चौकात वाट सापडेना. एक चक्कर झाली, दुसरी झाली. तिसरीला राधिका म्हणाली, "बाबा, लेफ्ट था. फिर से निकल गया." चौथीला तिनं हात लांब करून दाखवलं, मी पाहिलं, तिथे काही नव्हतं. मग ती रडकुंडीला आली. "बाबा, गाडी रोको. मैं पैदल चली जाऊँगी."

गाडी थांबवली आणि उतर म्हटलं. उतरली. पोर चालत गेली त्या मोकळ्या रस्त्यानं, पाठीवर बॅग. तिचे शेवटचे शब्द: "आप पाँच बार गोल घूमे हो, आपको पता भी है?" माझी मुलगी मराठीत उत्तर देत नाही ते एक, आणि मोजते पण चुकीचं.

१३ डिसेंबर, शनिवार

आमच्या घरात ताट आईच्या शिस्तीनं वाढलं जातं. रायपुरात पाच पिढ्या झाल्या, भाषा अर्धी हिंदी झाली, पण ताट बदललं नाही. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मध्ये भात. गेले दहा-बारा दिवस माया डावी बाजू वाढतच नाही. आज विचारलं.

"चटणी संपली का?"

"वाढली तं आहे. ताटात पाहा न."

"कुठे आहे? दाखव मले."

"अहो, समोर आहे. असं काहून करून राहिले?"

समोर काही नव्हतं. ती माझी थट्टा करतेय, माझ्या आईची करतेय, आणि राधिका तिच्याकडे पाहतेय, हे मला सहन झालं नाही. ताट उचलून फेकलं. स्टीलचं, जड. माया हात आडवा करायला गेली आणि काठ मनगटावर बसला. हाड नाही मोडलं, पण चामडी उघडली. चार टाके. फरशीवर हिरवी चटणी पडलेली होती. ती तिनं ताटाबाहेर कशाला ठेवली होती ते मी विचारलं, तर दोघी माझ्याकडे बघतच राहिल्या.

मला वाईट वाटतंय. तिला तसं सांगायला गेलो आणि सांगताना परत आवाज चढला.

१७ डिसेंबर, बुधवार

आज मायानं चटणी आणि कोशिंबीर उजवीकडे वाढली, भाजीच्या शेजारी दाटीवाटीनं. आईनं हे पाहिलं असतं तर ताटावरून उठली असती. मी सगळं खाल्लं, भूक होती. माया समोर बसून प्रत्येक घास मोजल्यासारखी बघत होती. मग तिनं वाटी हळूच दुसऱ्या बाजूला सरकवली आणि वाटी गेली. कुठे लपवली ते सांगेना. पदर तोंडाला लावून आत निघून गेली. बायकांचं काय चालतं डोक्यात!

राधिका म्हणाली, "बाबा, आपने सिर्फ आधे चेहरे की दाढी बनाई है." मी तिच्या कानाखाली वाजवली. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. हात अजून झिणझिणतोय. आरशात पाहिलं, दाढी गुळगुळीत झालेली आहे.

उंदीर मात्र झकास. पहिला गट बहुतेक संपला असावा, कारण मेलेले सगळे एकाच वेगानं गेले. तेवीस अजून जिवंत. त्यातले काही असे टुणटुणीत आहेत की नक्की चौथ्या गटातले. लहान मुलासारखा आनंद होतो मला पिंजऱ्यापाशी. घरी कोणाला सांगणार?

२४ डिसेंबर, बुधवार

देवीदासला पुतण्याच्या लग्नाला वर्धेला जायचं आहे, सोमवारी येईल. गंधाली बिलासपूरला माहेरी. मी म्हटलं, जा दोघं. दाणापाणी चार दिवस मीच करतो. खरं तर मला तेच हवं होतं. पाण्याच्या बाटल्या आमच्याकडे मुद्दाम छोट्या, दीड दिवस पुरतील एवढ्याच, कारण कोण किती पाणी प्यायला ते रोज मोजायचं असतं. दाणेही तोलून. हे काम दुसऱ्यावर टाकून मी बिनघोर बसू शकत नाही.

देवीदास जाताना म्हणाला, "साहेब, सगळ्या बाटल्या भरून चाललो. तुम्ही रोज पाहून घ्या, हव. येका टोकाकडून सुरू करा म्हंजे कोनी सुटनार नाही." मला शिकवतोय.

२६ डिसेंबर, शुक्रवार

सगळं केलं. तक्ता पूर्ण भरला. शांत वाटलं. फक्त कुठून तरी गज चावल्याचा आवाज येत होता, कर्रकर्र, सारखा. उंदीर ओरडतही होते. प्रत्येक पिंजऱ्यापाशी गेलो, सगळे आरामात झोपलेले. हवेच्या नळीतून येत असेल. दिवसभर तो आवाज डोक्यात होता.

२९ डिसेंबर, सोमवार

देवीदास सकाळी आला आणि त्याच्या ओरडण्यानं मी धावत गेलो. त्यानं माझा हात धरून मला रॅकच्या कडेला नेलं, अगदी भिंतीला. आठ पिंजरे. पाच मेलेले, तीन मरायला टेकलेले. बाटल्या कोरड्या, दाणे नाहीत. डोळ्यांभोवती आणि नाकाशी लालभडक कड, पोट पाठीला. गज चावून चावून दात मोडलेले, गजांवर रक्त वाळलेलं. एकानं स्वतःचा पुढचा पंजा खाल्ला होता.

तीन मी तिथेच संपवले. पातं आणायला कुठे जाऊ, हातानं मान ओढली.

मग देवीदास बाजूला उभा राहून रडतोय ते पाहिलं आणि माझ्या डोक्यात सगळं स्वच्छ झालं. त्यानं जाताना या बाटल्या भरल्याच नव्हत्या. मी त्याला तसं म्हणालो. तो म्हणाला, "देवाशपथ भरल्या, साहेब. आन् भरल्या नसत्या तरी चार दिवस तुम्ही होते न इथं?" पिंजऱ्याचं लोखंडी झाकण माझ्या हातात होतं. मी त्याच्या तोंडावर हाणलं. तो खाली बसला. परत हाणलं. "मले काहून मारून राहिले, साहेब? मी तं आज येऊन राहिलो न!" असं तो रक्त गिळत म्हणत होता आणि मी मारत होतो. पहारेकऱ्यानं मला मागून कवळा घालून ओढलं. पुढचे दोन दात जमिनीवर पडले होते, आणि त्या क्षणी मला ते उंदराचे वाटले.

संचालकांना पत्र दिलं. दुपारपर्यंत ठेकेदारानं त्याला कामावरून काढलं. माझी सात आठवड्यांची मेहनत त्यानं मातीत घातली आणि पोलिसांत मी गेलो नाही, ही माझी मेहरबानी.

३० डिसेंबर, मंगळवार

गंधालीनं मला तिच्या खोलीत बोलावलं. तिनंच मला बोलावलं, यावरून काय ते समजा. टेबलावर माझा शुक्रवारचा तक्ता होता. रॅकसारखाच आखलेला, आठ उभ्या, सहा आडव्या.

"सर, हा पूर्ण भरला आहे?"

"दिसत नाही का? मेलेल्यांवर काट, बाकी सगळे भरलेत."

"परत पाहा न, सर. प्लीज."

पाहिला. पूर्ण. तेव्हा तिनं कागद टेबलावरच उलटा फिरवला, खालची बाजू वर. आणि आठ चौकोन कोरे. कोऱ्यावर कोरे, माझ्या नाकासमोर, खाली माझी सही, उलटी. मी म्हटलं, हा दुसरा कागद आहे. तिनं परत फिरवला. पूर्ण भरलेला. परत फिरवला. कोरे. नकली तक्ता बनवलास, त्या देवीदासला वाचवायला, अभ्यासावरचं माझं नाव काढून आपलं लावायला, असं मी काय काय बोललो ते सगळं लिहवत नाही.

ती उठून कुठे तरी निघून गेली. बोलणं चालू असताना निघून जाते! दार वाजलं नाही. मी एकटाच ओरडत राहिलो, आणि एकदम माझ्या कानाशी तिचा आवाज आला, "सर, मी इथंच आहे. तुमच्या बाजूलाच उभी आहे." दचकून मी हात फिरवला. कोपर तिच्या नाकावर बसलं. ती खाली पडली, फळीवरची बरणी फुटली, फॉर्मालिनचा वास डोळ्यांत गेला. दरवाजा कुठल्या बाजूला आहे ते मला सापडेना. मी टेबलाभोवती फिरत राहिलो.

शेवटी तीच उठली, नाकावर रुमाल धरून, आणि मला हाताला धरून बाहेर काढलं. गाडीत बसवून घरी आणलं. रस्त्यात एकदाच बोलली. "सर, उंदराला असं झालं असतं तर तुम्ही किती गुण दिले असते?"

मूर्ख प्रश्न आहे.

२ जानेवारी, शुक्रवार

रुग्णालयात नेऊन मला डोक्याच्या तपासणीच्या मशीनमध्ये घातलं. चित्रं मी स्वतः वाचली, मला कोणी सांगायची गरज पडली नाही. उजव्या बाजूला, वर, मागे, कागदी लिंबाएवढी गाठ, भोवती सूज. असली चित्रं मी हजारो पाहिली आहेत, लहान कवटीतली.

७ जानेवारी, बुधवार

सूज उतरवायच्या गोळ्या सुरू आहेत आणि परवा सुईनं गाठीचा तुकडा काढला. डोकं इतकं मोकळं झालंय की भीती वाटते. आज ही वही पहिल्यापासून वाचली. नोव्हेंबरची पानं काठोकाठ आहेत. डिसेंबरमध्ये डावीकडचा समास वाढत गेलाय, आणि २६ तारखेला अर्धं पान रिकामं. मजकूरही वाचला. हे मी लिहिलंय, माझ्याच अक्षरात आहे, आणि मला लाज वाटते. शामरावांची, मायाच्या मनगटाची, राधिकाच्या गालाची, गंधालीच्या नाकाची. आणि त्या कर्रकर्र आवाजाची. चार दिवस ते मला हाका मारत होते.

मायाला विचारलं, तुला कधी कळलं? म्हणाली, "ताटावरून. उजवीकडे सरकवलं की खाता, इकडे सरकवलं की नाही. मी शामरावांच्या सुनेला विचारलं, ती नर्स आहे न. तिनं लवकर दाखवा म्हटलं. पण तुमाले सांगायची हिंमत नव्हती. भीती वाटून राहिली होती तुमची." तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य ऐकायला मिळालं. ही सगळी गाठच होती, असं म्हणायचा मोह होतो. पण गचांडी धरली तेव्हा बरं वाटलं होतं, ते कोणाला वाटलं होतं?

संचालकांना दुसरं पत्र लिहिलं. देवीदासचा काडीचाही दोष नाही, पाणी मी दिलं नाही, मारलं मी, त्याला परत घ्या, दातांचा खर्च माझ्या पगारातून कापा. देवीदासला निरोप पाठवला होता, तो दुपारी आला. ओठ अजून सुजलेला. मी हात जोडले.

"माफी नको, साहेब," तो म्हणाला. बोलताना हवा निसटत होती. "माफीचं मी काय करू? मले काम पाहिजे. सून घरात म्हनते, चोरी केली असंल म्हून काढलं. ते पत्र मले वाचून दाखवा येकदा."

वाचून दाखवलं. त्यानं परत वाचायला लावलं, आणि त्याची झेरॉक्स मागून घेतली. जाताना माझ्याकडे वळून म्हणाला, "तुम्ही बरे व्हा." ते मनापासून होतं का, ते मला कळलं नाही. नसलं तरी त्याची चूक नाही.

१२ जानेवारी, सोमवार

तुकड्याचा अहवाल आला. सगळ्यात वाईट जातीची. डॉक्टर तरुण आहे, सरळ बोलतो. कापून निघणार नाही. सहा आठवडे किरणं आणि त्यासोबत गोळी, एकत्र. सुईनं थेट औषध माणसाला देता येत नाही, अजून कोणी तसं सिद्ध केलेलं नाही. ते सिद्ध करायला मीच निघालो होतो, हे त्याला माहीत नाही. मीही सांगितलं नाही.

अकरा वाजता गंधाली आली. नाकावर पट्टी. प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या समितीनं आमचा अभ्यास बंद केलाय, ते योग्यच आहे. उरलेल्यांचं काय करायचं ते लिहून द्यायचं होतं. तिनं कुलपातली यादी आणली होती आणि पहिल्यांदा मला दाखवली.

"त्रेसष्टावा दिवस आहे, सर. तीन गटांत आता कोणीच नाही. चौथ्यातला एक उपचारानंतर लगेच गेला होता. सहा ते... ते भिंतीकडचे, डावीकडच्या तीन रांगांतले. पाच उरले."

"कसे आहेत?"

"धावून राहिले, सर. वजन वाढून राहिलं." तिनं यादी मिटली. "पण पाचवरून काही म्हणता येत नाही."

हे वाक्य मीच तिला शिकवलंय. बारापैकी अकरा त्रेसष्ट दिवस जगले असते, तर आज जगात कोणीतरी म्हणू शकलं असतं की असं करून पाहा. चिठ्ठीनं ते सहा माझ्या डाव्या हाताला आले आणि मी त्यांना गज चावत ठेवलं. पाच म्हणजे नशीबही असू शकतं. त्यांच्या गाठी विरल्या की नुसत्या दबून बसल्या आहेत, हे बाहेरून कळत नाही. त्यासाठी मेंदू बाहेर काढावा लागतो.

"ठेवू या का अजून?" गंधालीनं विचारलं. "समितीला विनंती करून पाहते. पाळायला ठेवू, सर. निदान तुम्ही बरे होईपर्यंत."

मला तो विचार आवडला. फार आवडला. दहा मिनिटं मी तो विचार धरून बसलो. मग मला माझ्या आत काय होणार ते जाणून घ्यायची जी हाव आहे, ती त्या विचारापेक्षा मोठी निघाली. मी लिहिलं: आज चार वाजता, पाचही, मेंदूचे काप करून अहवाल. पातं नीट धार लावून घे, गुंगी पूर्ण चढू दे, घाई करू नकोस, असंही सांगितलं. तिनं मान हलवली. जाताना रडत होती. त्याच पेनानं मी माझ्या उपचाराच्या संमतीपत्रावर सही केली.

जेवणानंतर माया पलंगापाशी बसली. मनगटावरचे टाके निघाले आहेत, खूण राहील. बराच वेळ पदराशी चाळा करत होती.

"अहो, डॉक्टर जे म्हणून राहिले, दोन्ही एकत्र... तुम्ही उंदरांवर हेच करून राहिले होते न?"

"जवळजवळ हेच."

"मग किती जगले तुमचे उंदीर?"

इतक्या वर्षांत तिनं माझ्या उंदरांबद्दल कधी विचारलं नव्हतं. त्यांचा वास घरात नको म्हणून माझे कपडे वेगळे धुवायची. ती माझ्याकडे अशी बघत होती की मला नजर हलवता येईना. घड्याळात साडेतीन वाजले होते.

"पाच अजून जिवंत आहेत," मी म्हणालो.

तिनं दोन्ही हातांनी माझा हात धरला, कपाळाला लावला, आणि उठून राधिकाला फोन करायला बाहेर गेली. दार उघडंच होतं. ती मोठमोठ्यानं सांगत होती, "पाच जगले, बेटा! बाबा म्हणतात पाच जगले!"